निदानविद्येचे उपासक डॉक्टर खानोलकर

रोग्याच्या उशाशीं बसून औषध देणारा वैद्य सर्वांच्या ओळखीचा असतो. परंतु सूक्ष्मदर्शकास डोळा लावून रोगाची जात ठरविणारा विद्वान् सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. अशा एका थोर पुरुषाचा परिचय आम्ही येथें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ सालीं झाला. रोगामुळें शरीरांत जे पालट होतात त्यांच्या शास्त्रास विकृतिविज्ञान म्हणतात. त्या शास्त्रांत त्यांनीं १९२३ सालीं लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी संपादन केली. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं मुंबईस अध्यापन केलें. व १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांजकडे आली.

कर्करोग म्हणजे दैवाचा कोप, असें मानून लोक स्वस्थ बसत. डॉक्टरसाहेबांनीं मात्र रोग्यांच्या नित्याच्या संवयी तपासल्या. तंबाखू व चुना खालच्या ओठांत धरणाऱ्यास ओठाचा, जळतें टोंक तोंडांत ठेवून चुट्टा ओढणाऱ्यास टाळूचा, आणि धोतर वर्षानुवर्षें घट्ट आवळणाऱ्यास कमरेच्या कातडीचा कर्करोग होऊं शकतो, असें त्यांनीं १९४५ सालीं एका सहकाऱ्यासह निबंध लिहून दाखवून दिलें. ज्या सोलापुरांत विड्या वळून व कापड विणून पुष्कळ कुटुंबें चरितार्थ चालवितात, तेथील वाचकांस ह्या शोधाचें मर्म निराळें सांगावयास नको.

पुढें ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं पीएच्. डी. झालेल्या कमल रणदिवे यांनीं रक्ताच्या कर्करोगाचाही अभ्यास केला. हा रोग बहुधा संवयीनें जडत नाहीं. हाडांतील मगजांत सदोष पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग मूल फिकें पडतें, ताप वारंवार येतो, हिरड्यांतून रक्त वाहतें, अंगावर कारणावांचून काळेनिळे डाग उठतात. हीं लक्षणें साध्या दुखण्यांतही आढळतात. म्हणून रक्त व मगज तपासल्यावांचून निर्णय होत नाहीं. रोग वेगानें वाढणारा कीं सावकाश, आणि तो कोणत्या जातीच्या पेशींचा, यांवरून त्याचे मुख्य चार प्रकार ठरतात व तदनुसार उपचार होतो. आज वेळीं निदान व पूर्ण उपचार झाल्यास ह्या रोगांतून पुष्कळ मुलें बरीं होतात.

सरकारनें पद्मभूषण देऊन गौरविलेले हे पंडित १९७८ सालीं निवर्तले. विद्यार्थ्यांनो, त्यांच्या चरित्रापासून एवढेंच घ्या: तंबाखूस कधीं शिवूं नका, आणि घरांत कोणाच्या तोंडांतील चट्टा जात नसेल, किंवा धाकट्या भावंडाचा ताप हटत नसेल, तर अंगारेधुपाऱ्यांत दिवस न दवडतां त्यास दवाखान्यांत नेण्याचा आग्रह धरा. रोगाची ओळख लवकर पटणें हेंच अर्धें औषध होय.