कमलाबाई सोहोनी

भाताची कापणी आटोपली, की पनवेल, पेण, अलिबाग या भागांतील शेतकरी शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीच्या अखेरीस शेंगा भरू लागल्या, की गावोगाव मडक्यांत भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावली जाते. वाळलेले वाल मात्र असे चटकन खाता येत नाहीत. ते रात्रभर भिजत घालावे लागतात, फडक्यात बांधून त्यांना मोड आणावे लागतात, एकेक दाणा सोलावा लागतो आणि मग चांगले शिजवावे लागतात. तेव्हा कोठे पानात बिरडे पडते. मुले मध्येच कच्चे दाणे तोंडात टाकू लागली, तर घरातील आजी त्यांना रागावते. कच्चा वाल बाधतो, हे तिला तिच्या आजीने सांगितलेले असते. तो का बाधतो, हे मात्र दोघींनाही ठाऊक नसते.

आपल्या आतड्यांत ट्रिप्सिन नावाचे एक पाचक द्रव्य असते. अन्नातील प्रथिनांचे बारीक तुकडे करण्याचे काम ते करते. वालाच्या कच्च्या दाण्यात असा एक पदार्थ असतो, की तो या ट्रिप्सिनलाच अडवून धरतो. मग पोटात गेलेल्या प्रथिनांचे नीट पचन होत नाही. उष्णतेने या पदार्थाचे बळ पुष्कळसे नाहीसे होते, म्हणून शिजवलेला वाल अंगी लागतो. हा पदार्थ वालातून वेगळा काढून त्याचे शुद्ध स्फटिक मिळविण्याचे काम मुंबईच्या विज्ञान संस्थेत झाले आणि १९५५ साली इंग्लंडमधील ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. हे संशोधन ज्यांनी आपल्या सहकाऱ्यासह केले, त्या विदुषीचे नाव डॉ. कमला सोहोनी. ज्या शास्त्रात त्यांनी हे नाव मिळविले, त्या जीवरसायनशास्त्राचे दार प्रथम त्यांच्या तोंडावर लावून घेण्यात आले होते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही उच्च शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झाले होते. आज ही संस्था भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या काळात पुष्कळ घरांतून मुलीला अक्षरओळख झाली म्हणजे पुरे असे मानीत, त्या काळात भागवतांच्या घरी शास्त्राच्या गोष्टी सहज बोलल्या जात. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी म्हणजे मराठीतील थोर लेखिका दुर्गा भागवत. एका बहिणीने लोककथा आणि लोकसंस्कृती यांचा ध्यास घेतला, तर दुसरीने प्रयोगशाळेतील काचनळ्यांचा. दोघींचा स्वभाव मात्र एकाच मुशीतला होता. अन्यायापुढे मान तुकविणे दोघींनाही कधी जमले नाही.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय होता, तर भौतिकशास्त्र हा दुय्यम. पुढे काय करायचे, याविषयी तिच्या मनात कसलाही संदेह नव्हता. वडील आणि काका जेथे शिकले, त्याच बंगळूरच्या संस्थेत जाऊन संशोधन करायचे, हे तिने केव्हाच ठरविले होते. तिने रीतसर अर्ज पाठविला. गुण उत्तम होते, विषय योग्य होते. तेव्हा प्रवेश मिळेल की नाही, अशी शंका यावयास काहीच कारण नव्हते.

संस्थेच्या संचालकपदी त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची नेमणूक झाली होती. प्रकाशाच्या विकिरणासंबंधीच्या शोधाबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. कमलेचा अर्ज त्यांच्यासमोर गेला. त्यांनी तो नाकारला. अर्जात काही उणीव होती, म्हणून नव्हे. अर्ज एका मुलीचा होता, एवढेच कारण त्यांना पुरेसे वाटले. संशोधनाचे काम स्त्रियांच्या आवाक्यातले नाही, अशी त्या काळातील अनेक विद्वानांप्रमाणे त्यांचीही समजूत होती. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. परंतु रामन बधले नाहीत.

एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय करावे? नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पुरुषाशी वाद घालणे सोपे नव्हे. दुसरी एखादी संस्था शोधता आली असती, घरी परत जाऊन शाळेत शिक्षिकाही होता आले असते. पण ते दिवस निराळे होते. देशभर सत्याग्रहाचे वारे वाहत होते. तीनच वर्षांपूर्वी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता आणि साध्यासुध्या शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या होत्या. अन्याय करणाऱ्याचा द्वेष न करता, पण अन्यायापुढून तसूभरही न हटता, आपले म्हणणे कसे मांडावे, हे गांधीजींनी लहानथोरांना शिकविले होते. कमलेने तोच मार्ग धरला. ती बंगळूरला गेली, संचालकांच्या कार्यालयापुढे तिने सत्याग्रह मांडला आणि आपल्याला प्रवेश का मिळू नये, याचे कारण विचारले. त्या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर कोणापाशीच नव्हते.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घातल्या. पहिले एक वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते. त्या वर्षीचे काम पाहून संचालकांचे समाधान झाले, तरच पुढे तिला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, मग ती रात्र का असेना, तिने काम केले पाहिजे होते. आणि तिच्या तेथे असण्याने संस्थेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट तिला फार झोंबली. वर्गात बसण्यापूर्वीच आपल्याला अपराधी ठरविले जात आहे, असे कोणत्याही मानी मुलीला वाटले असते. तरीही तिने अटी मान्य केल्या. अपमान गिळून तिने प्रवेश घेतला. येथे तिच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. भांडण जिंकण्यासाठी ती आली नव्हती. ती शिकण्यासाठी आली होती.

मार्गदर्शक मात्र तिला चांगले लाभले. श्री. श्रीनिवासय्या हे मोठ्या शिस्तीचे शिक्षक होते. विद्यार्थ्याकडून कसून काम करून घ्यावे, परंतु ज्ञान देताना हात आखडता घेऊ नये, अशी त्यांची रीत होती. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास त्यांनी कमलेकडे सोपविला. विषय दिसायला साधा, पण भारतासारख्या देशात फार महत्त्वाचा होता. ज्यांना मांसमासळी वर्ज्य असते किंवा परवडत नाही, अशा कोट्यवधी लोकांच्या शरीराची वाढ याच प्रथिनांवर अवलंबून असते. कडधान्यातील प्रथिने वेगळी करायची, ती शुद्ध करायची, मोजायची, पुन्हा पडताळून पाहायची. एखादा आकडा जुळला नाही, तर सारा खटाटोप पहिल्यापासून करायचा. अशा कामात दिवस कसे जातात, ते कळत नाही. कमलेचे ते वर्ष असेच गेले.

वर्ष संपले. रामन यांनी तिचे काम पाहिले आणि ते संतुष्ट झाले. त्यांनी तिला जीवरसायनशास्त्रात नियमितपणे संशोधन करण्यास परवानगी दिली. आणखी एक मोठी गोष्ट घडली. तेव्हापासून संस्थेत येऊ इच्छिणाऱ्या मुलींची वाट मोकळी झाली. पुढे अ‍ॅना मणी यांच्यासारख्या शास्त्रज्ञ स्त्रीने तर खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले. आपली समजूत चुकीची होती, हे आचरणातून मान्य करण्याइतके मन रामन यांच्यापाशी होते, हेही नमूद केले पाहिजे. तथापि कमलाबाईंना तो अपमान आयुष्यभर सलत राहिला. उतारवयात एका सत्कारप्रसंगी त्यांनी तो उघडपणे बोलून दाखविला. थोर माणसाच्या चुकीवर पांघरूण घालावे, असे त्यांना कधी वाटले नाही.

१९३६ साली त्यांनी बंगळूरच्या कामावर एम. एस्सी. पदवी मिळविली आणि पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे होते. जीवनसत्त्वांसंबंधीच्या कामाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. गंमत अशी, की येथेही प्रारंभी दार अडले. या वेळी कारण निराळे होते. प्रयोगशाळेत एकही जागा रिकामी नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने आपली जागा दिवसा त्यांना वापरू दिली आणि स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले. एका ठिकाणी पुरुषांचे चित्त विचलित होईल म्हणून अट घातली गेली होती. दुसऱ्या ठिकाणी एका पुरुषाने आपली झोप बाजूला ठेवून जागा दिली. केंब्रिजमध्ये सारेच आलबेल होते, असे मात्र नाही. तेथे स्त्रियांना पदवीचे पूर्ण अधिकार १९४८ साली मिळाले.

रिक्टर यांच्यानंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी वनस्पतींवर संशोधन केले. बटाट्याचा अभ्यास करीत असताना त्यांना त्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य आढळले. सजीवांच्या पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती मिळवितात. या क्रियेच्या साखळीतील हे द्रव्य म्हणजे एक महत्त्वाचा दुवा होय. वनस्पतींच्या पेशीदेखील प्राण्यांप्रमाणेच श्वसन करतात, हे कोडे उलगडण्यास या शोधाने मदत झाली. कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. काम सुरू केल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांनी तो पुरा केला आणि त्यावर त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञान विषयात हा मान मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. जाड ग्रंथ म्हणजे मोठे संशोधन, असे समजणाऱ्यांनी ती चाळीस पाने आठवावीत.

१९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग्ज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांच्याकडे आला. नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजेच आजची विज्ञान संस्था, ही त्यांची कर्मभूमी ठरली. वालातील त्या पदार्थाचे स्फटिक त्यांनी मिळविले, ते याच संस्थेत. त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थी तयार झाले. बहुतेकांचे विषय गोरगरिबांच्या ताटातले असत.

त्यांपैकी नीरेचा विषय विशेष प्रसिद्ध आहे. ताड, शिंदी यांसारख्या झाडांचा पहाटे उतरविलेला ताजा, गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले, की ती आंबते. ताजेपणी मात्र ती पौष्टिक असते, असे लोक म्हणत. हे खरे की नुसती समजूत, याचा शोध घ्यावा, अशी सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केली आणि कमलाबाईंनी ते काम हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी वस्त्यांतील अशक्त मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली असता त्यांची प्रकृती सुधारते, असेही दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. झाडावर चढणाऱ्याला जे अनुभवाने ठाऊक होते, ते आता कसोटीला उतरले होते.

एवढे कार्य हातून झाले असूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला लवकर आले नाही. त्यांचा अधिकार असताना काही वर्षे ते लांबणीवर पडले. अखेर त्या संचालक झाल्या आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी ते काम पाहिले.

निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईतील नऊ स्त्रियांनी १९६६ साली ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था स्थापन केली होती. तिखटात विटकरीची पूड, दुधात पाणी, हळदीत रंग असली फसवणूक गृहिणींच्या नित्य अनुभवाची होती. या संस्थेच्या कामात कमलाबाईंनी आपले ज्ञान ओतले, तिच्या नियतकालिकात लेख लिहिले आणि १९८२-८३ साली तिचे अध्यक्षपदही भूषविले.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला होता. वय सत्त्याऐंशीच्या घरात असताना त्या एवढ्या लांबचा प्रवास करून तेथे गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या व्यासपीठावर कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची प्राणज्योत मालवली.