तेल अवीवचे पहिले नगराध्यक्ष मेइर डिझेनगॉफ

डिझेनगॉफ रस्त्यावरून आपण कितीदा तरी जातो. पण ज्यांच्या नावाचा हा रस्ता ते गृहस्थ कोण, असे नातवंडांनी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? म्हणून ही थोडक्यात ओळख.

मेइर डिझेनगॉफ यांचा जन्म १८६१ साली बेसारेबियात झाला. द्राक्षारसाच्या बाटल्यांसाठी बॅरन रॉथशिल्ड यांनी तंतुरा येथे काचेचा कारखाना काढला, तो चालविण्यास ते १८९२ साली या देशात आले. पण तेथील वाळू काचेला योग्य ठरली नाही. कारखाना बंद पडला व ते ओडेसाला परतले. दुसरा कोणी असता तर पुन्हा इकडे फिरकला नसता. हे मात्र १९०५ साली पत्नी झिना यांच्यासह याफोला येऊन राहिले.

याफोच्या दाट वस्तीबाहेर स्वच्छ, हवेशीर वसाहत उभारावी ही कल्पना अकिवा आर्ये वाइस यांची. ११ एप्रिल १९०९ रोजी वाळूच्या टेकड्यांवर ६६ कुटुंबांसाठी शिंपल्यांच्या चिठ्ठ्या काढून जमिनीची वाटणी झाली. त्या कुटुंबांत डिझेनगॉफ यांचे एक होते.

घरे झाली, पण पाणी, रस्ते, झाडलोट, पहारा पाहणार कोण? तुर्की अंमलात ही याफोची एक वाडीच. तेव्हा रहिवाशांनी आपली समिती निवडली व १९११ साली डिझेनगॉफ तिचे प्रमुख झाले. समितीपाशी ना फौज, ना सरकारी शिक्का. लोक वर्गणी देत आणि नियम पाळत, ते केवळ आपण होऊन.

या विश्वासाची कसोटी १९१७ च्या वसंतात लागली. पेसाहच्या सुमारास तुर्कांनी याफो व तेल अवीवच्या यहुद्यांना घरे सोडण्याचा हुकूम दिला. डिझेनगॉफ यांनी निर्वासितांच्या समितीची धुरा घेतली. गाड्या, धान्य, निवारा यांची व्यवस्था पाहिली. तरीही उपासमारीने व रोगराईने पुष्कळ माणसे दगावली. वाचलेले परतले, ते ब्रिटिश आल्यानंतर.

मे १९२१ मध्ये याफोत दंगल उसळली. त्याच महिन्यात ब्रिटिशांनी तेल अवीवला स्वतंत्र कारभाराचा अधिकार दिला आणि जुनी समिती नगरसभा झाली. मतभेदांमुळे डिझेनगॉफ १९२५ साली पायउतार झाले, पण १९२८ च्या अखेरीस पुन्हा निवडून आले. १९३४ साली तेल अवीव पूर्ण नगरपालिका झाली. १९३६ साली संपामुळे याफो बंदर बंद पडले, तेव्हा पंचाहत्तरीतल्या या आजारी माणसाने शहराचा स्वतःचा धक्का उभा राहिलेला पाहिला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला ते वारले.

त्यांना मागे मूल नव्हते. झिनाबाईंच्या निधनानंतर, १९३० साली, त्यांनी राहते घर कलासंग्रहालयासाठी शहराला दिले. त्याच घरात १४ मे १९४८ रोजी इस्राएल राज्याची घोषणा झाली.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत. आपल्या इमारतीच्या वाअदची वर्गणी देताना कपाळाला आठी पडते ना? एवढे मोठे तेल अवीव अशाच वर्गणीतून सुरू झाले, हे तेव्हा आठवावे.