येरवड्याचे लिफाफे

सरदार वल्लभभाई पटेल म्हटले की बारडोलीचा सेनानी आणि साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन करणारा पोलादी पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन होऊन पुढे आपल्या सोलापूर जिल्ह्यात आले, तेही त्याच कार्यामुळे. परंतु हाच पुरुष येरवड्याच्या तुरुंगात मांडी घालून रद्दी कागदाचे लिफाफे करीत बसे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

वल्लभभाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियाद येथे झाला. घर करमसदच्या शेतकऱ्याचे. वकिली करून त्यांनी विलायतेला जाण्यापुरते पैसे साठविले, आणि येथे एका लिफाफ्याने गंमत केली. प्रवासाची कागदपत्रे व्ही. जे. पटेल या नावाने आली, ती पडली थोरल्या विठ्ठलभाईंच्या हाती. दोघांची आद्याक्षरे एकच! थोरल्याने धाकट्यामागून जावे हे शोभणार नाही, असे भावाचे म्हणणे पडले. वल्लभभाईंनी मुकाट्याने जागा सोडली, खर्चही सोसला. स्वतः गेले ते १९१० मध्ये, आणि १९१३ साली बॅरिस्टर होऊन परतले. पुढे अहमदाबादची वकिली, गुजरात क्लबमधील ब्रिजचा डाव, उंची विलायती पोशाख. खेडा सत्याग्रहानंतर हे सारे सुटले. १९२८ साली बारडोली झाली आणि लोकांनी त्यांना सरदार केले.

जानेवारी १९३२ मध्ये सरकारने गांधीजींना आणि त्यांना पकडून येरवड्यात ठेवले. मार्चमध्ये महादेवभाई देसाईही तेथे आले. त्यांच्या रोजनिशीत जो वल्लभभाई भेटतो तो चरित्रग्रंथांतून सहसा भेटत नाही. गांधीजींसाठी दातण ठेचणे, फळे सोलून देणे, मध-लिंबाचे पाणी करणे, ही कामे त्यांनी आपणहून अंगावर घेतली. सत्तावन्नाव्या वर्षी ते संस्कृत शिकू लागले, तेही औंधच्या पंडित सातवळेकरांच्या पाठमालेवरून. आपल्या मुलखातील पुस्तकाचा हा मान!

आणि लिफाफे. गांधीजींचे टपाल तुरुंगातही फार मोठे. सप्टेंबर १९३२ मधील उपोषण आणि पुणे करार यांनंतर अस्पृश्यतानिवारणाच्या पत्रांनी ते आणखी वाढले. उत्तरे जावयाची तर पाकिटे हवीत. वल्लभभाई टाकाऊ कागद जमवीत आणि त्यांतून नवी पाकिटे घडवीत. वापरलेले पाकीट डिंकाच्या जोडावर अलगद उकलावे, उलटे करावे, कोरी बाजू बाहेर घेऊन घडी घालावी आणि कडा चिकटवाव्यात, एवढीच ही विद्या. आपल्याकडे कणकेची खळ त्यासाठी पुरते. पण घडी वाकडी गेली की पाकीट तिरके होते. ज्यांनी करून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, यात कागद तो किती वाचणार? चार पैशांचा! प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. सभा नाही, तालुका नाही, हुकूम ऐकणारा कोणी नाही, अशा अवस्थेत कर्तबगार माणसाचे मन कुजते. याच तुरुंगवासात त्यांच्या मातोश्री लाडबा वारल्या. पुढे १९३३ च्या ऑगस्टमध्ये त्यांना नाशिकला हलविले. ऑक्टोबरात विठ्ठलभाई जिनिव्हाजवळ निवर्तले. अंत्यविधीसाठी सरकार सोडावयास तयार होते, पण अटीवर. अट मान्य नव्हती, म्हणून ते गेले नाहीत. ज्या भावासाठी विलायतेची जागा सोडली, त्याचे शेवटचे दर्शनही घडले नाही. अशा दिवसांत हाताला काम असणे ही चैन नव्हे.

गांधीजींची तऱ्हाही तीच. पाठकोरा कागद ते फेकीत नसत. २ जून १९४७ हा सोमवार, म्हणजे त्यांच्या मौनाचा वार. फाळणीच्या योजनेसंबंधी माउंटबॅटनशी त्यांनी जे बोलावयाचे ते जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिले.

वल्लभभाई पुढे उपपंतप्रधान झाले तरी घरची राहणी पालटली नाही. कन्या मणिबेन स्वतः सूत काढीत आणि वडिलांचे धोतर-सदरे त्या सुताचे होत. धोतर जुने झाले की त्याच कापडातून मणिबेन स्वतःचे कपडे करीत, असे महावीर त्यागी यांनी सांगितले आहे. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचे देहावसान झाले, तेव्हाही मणिबेन त्यांच्याजवळच होत्या.