यशवंतरावांच्या दोन मोटारी

बावला खून प्रकरणामुळे १९२६ साली तुकोजीराव होळकरांना इंदूरची गादी सोडावी लागली, तेव्हा त्यांचे पुत्र दुसरे यशवंतराव (१९०८–१९६१) अवघे सतरा वर्षांचे होते. ऑक्सफर्डला शिकलेल्या या महाराजांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउसकडून माणिकबाग महाल बांधून घेतला. मोटारींच्या निवडीतही तीच पारख दिसते.

त्यांच्या ताफ्यात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे होती, तशीच फ्रान्समध्ये घडलेली हिस्पानो-सुइझा जे-१२ही. पहिलीला एका ओळीतील आठ सिलिंडरांचे, ६.९ लिटरचे सुपरचार्जरयुक्त इंजिन, दुसरीला ९.४ लिटरचे बारा सिलिंडरांचे. ऐट आणि शांत चाल पाहायची तर हिस्पानो सरस. संग्राहकाची नजर मात्र ड्यूसेनबर्गवरच खिळावी. तिची भगवी-काळी, दोन आसनांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने खास महाराजांसाठी घडवली आणि १९३७ मध्ये ड्यूसेनबर्गचा कारभारच आटोपला.

त्याच वर्षी महाराणी संयोगिताबाई निवर्तल्या. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ड्यूसेनबर्ग पुढे अमेरिकेतील संग्रहात गेली. माणिकबाग इंदुरातच राहिला.