डोलकाठीवर नेम

आमच्या कबनूरला समुद्र नाही. इचलकरंजीला खेटून वसलेल्या या गावात माझे बालपण गेले ते यंत्रमागांच्या खडखडाटात. ताण्याचे सूत ढिले पडले की कापड बिघडते आणि फार आवळले की तटातट तुटते, एवढे ज्ञान आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असते. चाळीसेक वर्षांपूर्वी अलिबागला कान्होजी आंग्र्यांच्या समाधीचे दर्शन घेऊन किनाऱ्यावर गेलो, तेव्हा एका वृद्ध तांडेलांनी मला शिडाच्या होडीतून थोडे आत नेले आणि डोलकाठीच्या दोरांवर टिचकी मारायला सांगितले. वाऱ्याच्या बाजूचा दोर घुमला, दुसऱ्या बाजूचा लुळा होता. मला चटकन आमचा माग आठवला. कान्होजींचे चरित्र तोवर मी तलवारीचे म्हणून वाचले होते. त्या दिवसापासून ते दोरांचे म्हणून वाचू लागलो.

डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी असते, असे आपल्याला वाटते. खरे तर शिडात भरलेला वारा तिला सतत उपटू पाहतो आणि पुढून, मागून, दोन्ही बगलांनी ताणलेले दोर तिला धरून ठेवतात. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांवर एका काठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी चढण असे. डांबर फासलेले वाखाचे दोर काही दिवसांत सैल पडत, ते वरचेवर ओढून सारखे करावे लागत. एका बाजूचे दोर तुटले की वरचा सारा डोलारा कोसळे.

आपल्या गलबताची तऱ्हा निराळी. त्याला काठ्या दोन, पण मागची अगदी किरकोळ. मोठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, त्याचे टोक काठीच्याही वर जाई. अशा शिडाच्या होड्यांत बगलेचे दोर मोजके आणि सुटे असतात. होडीने वाऱ्याची बगल बदलली की खलाशी ते सोडून नव्या बाजूला आवळतात. शीड चढवण्याचा जाड दोर मागे आणून बांधला की तोच काठीचा पाठीराखा होतो. यात क्षणभर हयगय झाली तर काठी शिडासकट पाण्यात!

कान्होजी या किनाऱ्यावरच वाढले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. सिधोजी गुजरांच्या मागे आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली आणि ते सरखेल झाले. ते ताराबाईंच्या पक्षाचे. पण १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांकडे वळवले. आम्हा कोल्हापूरकरांना हे अजूनही जरा टोचते. असो.

त्यांची लढण्याची पद्धत मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. आंग्र्यांच्या मोठ्या ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असत. वारा पडला की शत्रूचे जहाज जागीच खिळे. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत नेत आणि शत्रूच्या तोफा कमी असतील अशा बाजूला आणून ठेवत. गुराबेच्या नाळेवरच्या तोफांचा पहिला नेम माणसांवर नसे, तो डोलकाठ्यांवर असे. काठी पडली की जहाज ओंडक्यासारखे तरंगे, मग चारी बाजूंनी मारा होई. तरीही शत्रू नमला नाही, तर दोन-तीनशे माणसांनी भरलेली गलबते एकाच वेळी सगळीकडून भिडत.

१७१२ च्या नोव्हेंबरात कारवारहून मुंबईला निघालेल्या इंग्रज गव्हर्नरच्या नौकेची हीच गत झाली. काठी गेली, दारूगोळा सरत आला आणि तिने हार मानली. सोबतच्या जहाजालाही पळता आले नाही. या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला. त्याच्या तरुण पत्नीला तीस हजार रुपये घेऊन सोडण्यात आले. एका विधवेसाठी खंडणी घेणे आज रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पण त्या काळी समुद्रावर सगळेच हे करीत. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, कारण ते दस्तकाशिवाय जाणारी जहाजे अडवीत. असेच परवाने पोर्तुगीजही देत आणि सक्तीने घ्यायला लावत. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही.

पुढे गव्हर्नर बूनने १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग असे हल्ले चढवले. शेवटच्या खेपेला तोफांसाठी खास तरता तळच बांधून नेला, तोही कामी आला नाही. १७२१ मध्ये पोर्तुगीज आणि इंग्रज मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परतले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तोवर त्यांचे आरमार समुद्रावर कोणाला मोडता आले नव्हते.

त्यानंतर मुले आपसांत भांडली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमार विजयदुर्गावर आले, आणि या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचे आरमार बंदरात एकत्र बांधून ठेवलेले होते. एका जहाजावर गोळा पडला, आग लागली आणि दोरांवरून, शिडांवरून ती पुढच्या जहाजावर गेली. डोलकाठ्या उभ्याच जळाल्या. एकाही गलबताला शीड चढवण्याची वेळ मिळाली नाही.