सॅम्युएल बोर्न
बँकेतील नोकरी सोडून सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) हे इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आले. हिमालयात त्यांनी तीन मोहिमा केल्या. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावे व अंधाऱ्या तंबूत धुवावे लागे. काचा, रसायने व तंबू हमाल वाहून नेत. छायाचित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढ्यात वाऱ्याने पाणी हलले, तर पर्वताचे प्रतिबिंब पुसट होई. म्हणून वारा पडेपर्यंत थांबणे भाग असे. १८६४ साली त्यांनी काश्मीरची, तर १८६६ साली सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीची छायाचित्रे घेतली. या छायाचित्रांवर नाव बोर्न यांचे आहे. श्रम मात्र अनेक हमालांचेही आहेत.