पेटीला गळा देणारे गोविंदराव टेंबे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा सोसायटीचा पंचवीस वर्षांचा जमाखर्च मांडावा असं आधी मनात आलं. पण ते काम आपले खजिनदार माझ्यापेक्षा चांगलं करतील. शिवाय आयुष्यभर बँकेत ताळेबंदच लिहिले, आता पुरे. म्हणून विषय घेतला आवडीचा.

आपल्या सोसायटीत की-बोर्ड वाजवणारी चार-पाच मुलं आहेत. वारणेच्या बालवाद्यवृंदामुळे या परिसराला वाद्यांचं वेड नवीन नाही. गणपतीत ही मुलं वाजवतात आणि जगातला सर्वांत मोठा पियानोवाला कोण, यावर आपसात वाद घालतात. त्यात सगळी नावं परदेशी असतात. असू देत, ती माणसं मोठीच आहेत. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवणारा आणि बड्या बड्या गवयांना प्रिय झालेला एक माणूस आपल्या कोल्हापूरचा होता, हे या मुलांना ठाऊक नसतं. खरं तर त्यांच्या आईवडिलांनाही नसतं. म्हणून हा लेख.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म 5 जून 1881 चा, करवीर तालुक्यातल्या सांगवड्याचा. आधल्याच वर्षी अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं होतं. म्हणजे मराठी संगीत नाटक आणि गोविंदराव जवळजवळ एका वयाचे.

त्यांच्या तरुणपणी कोल्हापूर म्हणजे गाण्याची पेठच होती. 1883 साली सुरू झालेला देवल क्लब हे गाणारांचं आणि ऐकणारांचं बसण्याचं ठिकाण. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारगायक म्हणून ठेवून घेतलेलं. असं गाणं ज्याच्या कानावर रोज पडतं त्याला वेगळी शाळा कशाला लागते? गोविंदराव पेटी शिकले ते मुख्यतः ऐकून. पुढे भास्करबुवा बखल्यांचा सहवास मिळाला आणि त्यांनी बुवांना मनोमन गुरू मानलं. लक्षात घ्या, बुवा गवई, पेटीवाले नव्हेत. गोविंदरावांनी पेटी गवयाकडून घेतली, हीच त्यांच्या आयुष्यातली खरी गोम आहे असं मला वाटतं.

ती का, ते जरा समजावून सांगतो. पेटी हे वाद्य मूळ फ्रान्सचं. 1842 च्या सुमारास पॅरिसच्या दबाँ नावाच्या कारागिराने त्याचं पेटंट घेतलं. तिकडे ती पायाने भाता मारून वाजवायची. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसवला आणि ती खाली मांडी घालून वाजवण्याजोगी झाली. आतमध्ये पितळी सूरपट्ट्या असतात. वारा गेला की त्या थरथरतात आणि सूर निघतो. आता अडचण अशी की प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला. सारंगीवर बोट घसरवत नेता येतं, गळ्यातून एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जाता येतं, त्याला मींड म्हणतात. पेटीवर हे होत नाही. सा वाजतो, मग रे वाजतो, मधली वाट बंद. जिन्याच्या पायऱ्या आहेत, उतार नाही. शिवाय सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले, त्यामुळे रागातल्या बारीक श्रुती हरवतात. जाणकार मंडळी पेटीला नाकं मुरडायची ती उगाच नव्हे.

या वाद्यातून गोविंदरावांनी गायकी काढली. पेटीवर गत वाजवणारे पुष्कळ होते, पण यांची पेटी ऐकताना गाणं ऐकल्यासारखं वाटायचं, अशी त्यांची ख्याती. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं असण्याचा प्रश्नच नाही, ते गेले तेव्हा मी रांगता होतो. पण कोल्हापूरच्या शाखेत नोकरीला असताना संध्याकाळी देवल क्लबात जाऊन बसायची सवय लागली आणि तिथे चांगली पेटी कशी ऐकायची ते हळूहळू कळत गेलं. सगळी मौज डाव्या हातात आहे. उजव्या हाताची बोटं सगळ्यांना दिसतात, पण भाता म्हणजे गवयाचा श्वास. तो कुठे दाबायचा, कुठे हलका सोडायचा, यावर सूर जिवंत की मेलेला ते ठरतं. आणि एक पट्टी सुटायच्या आत दुसरी अशी धरायची की कानाला मधली फट जाणवू नये. पायऱ्यांवर जाजम अंथरावं तसं.

संगतीचं तर आणखी अवघड. गवई पुढे, पेटी अर्धं पाऊल मागे. त्याने काय गावं हे आपण ठरवायचं नाही, पण तो श्वास घ्यायला थांबला की ती जागा मोकळीही पडू द्यायची नाही. आमच्या बँकेत अशी माणसं असायची. सही साहेबाची, हिशेब जुळवणारा दुसराच. साहेबाला मात्र ठाऊक असायचं की हा रजेवर गेला तर आपलं काही खरं नाही. भास्करबुवांसारखा गवई ज्याला शेजारी बसवून घेतो, त्याची किंमत बुवांना कळली होती असंच म्हटलं पाहिजे.

पण गोविंदराव अर्धं पाऊल मागे राहून थांबणारे नव्हते. 1911 साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं मानापमान रंगभूमीवर आणलं. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. तोवर नाटकातली पदं बरीचशी कीर्तनाच्या, साकी-दिंडीच्या किंवा कर्नाटकी वळणाची असायची. यांनी ठुमरी, कजरी अशा पूर्वेकडच्या ढंगाच्या चाली आणल्या. भामिनीच्या कामात बालगंधर्व. लोक वेडे झाले. त्या पदांची गोडी शंभर वर्षं उलटली तरी कमी झालेली नाही, आपल्याच सोसायटीतल्या कोजागिरीला त्यातलं एखादं तरी होतंच. नाट्यसंगीताला शास्त्रीय गाण्याची बैठक मिळाली ती पुढे भास्करबुवांच्या स्वयंवराने, हे खरं. पण मानापमानाने दार उघडलं नसतं तर ती मिळाली असती का, मला शंका आहे.

1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही मालक. गोविंदराव वाजवायचे, चाली द्यायचे आणि तोंडाला रंग लावून उभेही राहायचे. ही भागीदारी फार टिकली नाही. बँकवाल्याच्या नजरेने पाहिलं तर तीन कलावंत, एक तिजोरी आणि भरजरी शालूंचा खर्च, हे गणित जमणं कठीणच. गोविंदराव बाहेर पडले, स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, तीही पुढे मिटली. गंधर्व मंडळीवर नंतर कर्जाचा केवढा डोंगर झाला आणि बालगंधर्वांनी तो कसा फेडला, ते सर्वांना माहीत आहे. कर्ज देणाऱ्या बाजूला बसून मी आयुष्य काढलं, तरी या लोकांवर रागावता येत नाही.

नाटकाचे दिवस उतरणीला लागले तेव्हा गोविंदरावांचं वय पन्नाशीला आलेलं. अशा वयात माणूस निवृत्तीचा हिशेब करतो. यांनी सिनेमा धरला. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती. 1932 चा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यात राजा हरिश्चंद्र गोविंदराव, तारामती दुर्गाबाई खोटे आणि संगीतही गोविंदरावांचंच. पार्श्वगायन नावाची सोय नव्हती. जो नट त्यानेच कॅमेऱ्यासमोर गायचं, वाजवणारे चौकटीबाहेर दडून बसायचे. चित्रपट आजही पाहायला मिळतो. नातवंडांना मोबाइलवर लावून द्या आणि स्वतःही शेजारी बसा. आवाज खरखरतो, पण सूर कुठे हलत नाही.

पुढे त्यांनी लेखणी घेतली. माझा संगीत व्यासंग, माझा जीवनविहार ही त्यांची पुस्तकं, शिवाय भास्करबुवांचं आणि अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र. दुसऱ्याच्या गाण्यावर इतकं मनापासून लिहिणारा गायक-वादक विरळा. मला यातही संगतकारच दिसतो. आयुष्यभर ज्यांच्या मागे अर्धं पाऊल राहून ऐकलं त्यांची आठवण त्याने कागदावर धरून ठेवली.

आता या गोष्टीतला दुखरा भाग. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. परदेशी वाद्य, मींड नाही, श्रुती नाही, ही कारणं. तो निर्णय इंग्रज अधिकाऱ्याच्या अमदानीतला, पण त्याला पाठिंबा देणारे आपलेच थोर लोक होते, रवींद्रनाथ टागोरसुद्धा. स्वातंत्र्य आलं तरी बंदी राहिली. 1952 पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे मराठी माणूस, संगीताचा जाणता. त्यांच्याही काळात ती उठली नाही. पेटीविरुद्धचे आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खरे होते, हे मी वर लिहिलंच आहे. पण त्या आक्षेपांना ज्याने हाताने उत्तर दिलं होतं, तो माणूस हयात होता, कोल्हापुरात सगळ्यांना माहीत होता. त्याच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्याच्या वाद्याला देशाच्या रेडिओवर जागा नव्हती. 9 ऑक्टोबर 1955 रोजी गोविंदराव गेले. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं.

तोवर मैफलींनी मात्र रेडिओचं ऐकलं नव्हतं. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर, मुंबईचे पी. मधुकर, मग अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर आणि हौसेने पण जाणतेपणाने वाजवणारे पु. ल. देशपांडे. भीमसेनजींच्या मागे बसलेले अप्पा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. गवई तान घेऊन समेवर आला की आधी पेटीवाल्याकडे बघून हसायचा, मग श्रोत्यांकडे.

देवल क्लबाच्या सभागृहाला आता गोविंदराव टेंबे रंगमंदिर असं नाव आहे. वारणानगरहून कोल्हापूर फार लांब नाही. आपल्या की-बोर्डवाल्या मुलांना एखाद्या संध्याकाळी तिथल्या मैफलीला न्यावं, असा माझा कमिटीला प्रस्ताव आहे. गाडीभाड्याचा निम्मा खर्च मी देतो.